उशीला पावडर

१४ नोव्हेंबर, गुरुवार

प्रिय चिमे,

आशीर्वाद. इकडे सगळं ठीक आहे, तिकडेही ठीक असावं. पत्राची सुरुवात अशी करतात म्हणून केली. ठीक म्हणजे काय ठीक आहे ते पुढे येईलच.

तू म्हणशील, ताईला पत्र लिहायची हुक्की कुठून आली? फोन करता आला असता. नाहीतर तू पाठवतेस तसा बोलून मेसेज पाठवता आला असता. पण माझा आवाज आता तुझ्या हातात द्यायचा नाही असं मी ठरवलंय. अक्षर घे. माझं अक्षर गिचमिड आहे, त्याचं तुला काही करता येणार नाही.

आई इथे येऊन आठवडा होत आला. 'ताईकडे लग्नसराईची गर्दी आहे, तिच्या हाताखाली कोणी नाही,' असं तुला सांगून निघाली ना? हाताखाली कसली, डोक्यावर बसलीये माझ्या. पार्लरच्या दाराजवळच्या सोफ्यावर ठाण मांडते आणि येणाऱ्या प्रत्येक मुलीला सांगते, 'भुवया फार बारीक करू नकोस गं, पुढे परत येत नाहीत.' काल एक बाई भुवया न कोरताच उठून गेली. मी म्हटलं, आई, तू मदतीला आलीयेस की धंदा बुडवायला? तर म्हणते, 'चांगली दिसत होती की ती!'

ती खरी कशाला आलीये ते तिने तुला सांगितलेलं नाही. मी सांगणार आहे. पण आत्ताच नाही, आत्ता सांगायला लागले तर पुढचं काही लिहून होणार नाही.

तुझे सगळे मेसेज पोचले. उत्तर दिलं नाही म्हणून पोचले नाहीत असं समजू नकोस. कालचाही पोचला. 'ताई, झालं ते झालं. लेट्स मेक अप. रविवारी माझा चेहरा तुझ्याशिवाय कोणी करायचा नाही.' पुढे जोडलेले हात, रडके चेहरे आणि बदामांची रांग. तर पुढच्या रविवारी तुझं लग्न आहे आणि मी यावं असं तुला वाटतंय. येते की नाही ते हे पत्र संपेपर्यंत मलाही कळेल बहुतेक.

पण चिमे, जगातले सगळे शब्द सोडून तू मला 'मेक अप' हा शब्द पाठवलास, याची मात्र कमाल आहे.

आठवतं ना, तो शब्द आपल्या दोघींत कसा आला? त्या मोठ्या हॉटेलातल्या सलूनमध्ये जागा निघाली होती. मोठी जागा, थंडगार हवा, उभं राहायला गालिचा. मला सगळं येत होतं, फक्त इंग्रजी येत नव्हतं. समोरचीची कातडी बघून मी सांगते कुठलं फाउंडेशन बसेल, पण कोणी 'टेल अस अबाउट युवरसेल्फ' म्हटलं की माझी बोबडी वळते. तू म्हणालीस, 'मी शिकवते तुला. त्यात काय!' मला कोण आनंद झाला. क्लासमध्ये शिकवणारी, व्हिडिओ करणारी माझी बहीण! खुर्चीत बसलेल्या प्रत्येकीला मी विचारलं नसताना सांगायची, 'आमची धाकटी इंग्रजीची मास्तरीण आहे हो.' लोक कंटाळायचे, पण तोंडाला पॅक लावलेला असला की जातील कुठे?

तू क्लास संपवून यायचीस. शटर अर्धं खाली ओढलेलं, टॉवेल वाळत टाकलेले, मेणाचा वास अजून गेलेला नाही. फळा नाही म्हणून तू माझा मोठा आरसा घेतलास. भुवयांची काळी पेन्सिल उचललीस आणि आरशाच्या मधोमध लिहिलंस, 'मेक अप'. नेमका माझ्या कपाळावर आला तो शब्द. म्हणालीस, 'हा तुझाच शब्द आहे ताई. आणि याला किती अर्थ आहेत बघ तरी.' मी म्हटलं, 'अर्थ कसले? माझं पोट चालतं त्याच्यावर, तेवढा एक अर्थ पुरे.'

मग तू तो नियम केलास. नियम तुझा होता, हे लक्षात ठेव. 'पुस्तकातलं वाक्य चालणार नाही. तुझ्याबाबतीत खरोखर घडलेलं काहीतरी सांगायचं, म्हणजे अर्थ डोक्यात बसतो. खोटं वाक्य दिलंस तर मी ते पुसून टाकणार.' फोन ब्रशांच्या डब्याला टेकवून उभा करायचीस. 'रेकॉर्ड करते हं, उजळणीसाठी.' मी म्हटलं कर. उजळणी मीच करायची असेल असं मला वाटलं.

काय मजा यायची! खोटं कशाला बोलू. भांडून परत गोड होणं म्हणजेही मेक अप, असं तू म्हणालीस, तेव्हा मी वाक्य दिलं की आम्ही बहिणी सकाळी भांडतो आणि संध्याकाळी मेक अप करतो. तू माझा गालगुच्चा घेतलास. गेलेला वेळ भरून काढणं म्हणजेही तेच, म्हणालीस. मग मी त्या उशिरा आलेल्या नवरीचं सांगितलं, जिचा एक डोळा मी गाडीत बसून पुरा केला. कशाकशाचं मिळून काही बनतं, त्यालाही हाच शब्द निघाला. मी म्हटलं, 'टू आयब्रोज मेक अप हाफ द फेस.' तू टाळी दिलीस. 'ताई, हे मी क्लासमध्ये सांगणार!' मला वाटलं, झालं, आपण आता हॉटेलच काय, विमानात जाऊन बसलो.

मनाने रचून सांगणं, हाही एक अर्थ होता. मी म्हटलं, 'आय मेक अप स्टोरीज फॉर आई.' तू विचारलंस, कुठल्या गं स्टोऱ्या? मी म्हटलं, ह्याच की मी वेळेवर जेवते. तुला हसू फुटलं. मीही हसले. तो विषय तिथेच राहिला.

अजून एक अर्थ उरला. तो मी मुद्दाम मागे ठेवलाय.

आता पंधरा दिवसांपूर्वीचं सांगते. एक नवरी होती खुर्चीत, बरोबर तिच्या दोन मैत्रिणी. बेस झाला होता, मी लायनर हातात घेतलेलं. एक मैत्रीण मागच्या स्टुलावर फोन घेऊन बसली होती. एकदम ओरडली, 'अगं, ऐक ऐक, मेकअपवाली ताई! नवीन भाग आलाय!' आणि फोनमधून एक बाई इंग्रजी बोलायला लागली.

आपला आवाज बाहेरून ऐकला की आधी ओळखू येत नाही. मला वाटलं, कोण ही बाई, किती अडखळतेय, हिला कोणी घरी शिकवायला नाही का! मग ती बाई म्हणाली, 'टू आयब्रोज मेक अप हाफ द फेस.' ते वाक्य माझं होतं.

नवरी माझ्या हाताखाली हसून हलत होती. मी म्हटलं, 'हसू नका, रेघ वाकडी होईल.' दुसरी मैत्रीण म्हणाली, 'काकू, तुम्ही पण बघा ना! तुमच्याच धंद्यातली आहे. इतकी गोड वेडपट आहे ना ती!' आणि फोन माझ्यासमोर धरला.

बघितलं मी. जाडीशी एक कार्टून बाई, अंबाड्यात ब्रश खोचलेला. ब्रश अंबाड्यात मी खोचते, चिमे. तेवढं तू सोडलं नाहीस. ती बाई माझ्या तोंडाने बोलत होती आणि मधूनमधून तू मराठीत समजावून देत होतीस, अगदी लाडीगोडीने. शेवटी ती बाई एका पलंगापाशी गेली. उशीवर पफने पावडर मारली. चादरीला लिपस्टिक लावली. आणि तुझा आवाज आला, 'आमच्या ताईला वाटलं, पलंगालाही मेकअप करायचा असतो!' मग तो आयता मिळणारा हशा असतो ना, तो.

तिघी हसल्या. मीही हसले. गिऱ्हाईक हसलं की हसायचं, ही आमची सवय. मग दुसरा डोळा घेतला. दोन्ही रेघा सारख्या आल्या. नवरीने आरशात बघून 'वाव' म्हटलं आणि तिघी गेल्या. मी शटर ओढून घेतलं आणि भर दुपारी त्याच खुर्चीत बसून रडले. पोटभर रडले. केसाने गळा कापणं म्हणतात ते काय असतं ते मला त्या दिवशी कळलं.

थांब, कोणीतरी आलंय.

आलेली बाई निघाली भलतीच चिकित्सक, दोन्ही पायांचं वॅक्सिंग केलं आणि वर तिच्या सासूची सगळी कुंडली ऐकून घेतली. तासभर गेला. आई मध्येच म्हणाली, 'काय लिहितेस गं एवढं?' मी म्हटलं, चिमीला पत्र. तिने माझ्यापुढे चहा ठेवला आणि सोफ्यावर जाऊन बसली.

तर तो राहिलेला अर्थ.

'मेक अप अ बेड,' असं तू आरशाच्या अगदी खालच्या कोपऱ्यात लिहिलंस, कारण वर जागा उरली नव्हती. अंथरूण घालणं, बिछाना तयार करणं. म्हणालीस, 'हॉटेलात हे हमखास कानावर पडेल. दे बघू तुझं वाक्य.'

मी दिलं. 'एव्हरी नाइट आय मेक अप अ बेड इन द पार्लर.'

चिमे, मराठीत हे मला कोणालाही सांगता आलं नसतं. मराठीत सांगितलं की लगेच पुढे 'का गं?' येतं, आणि 'कधीपासून?' आणि 'भावजी काय म्हणतात?' इंग्रजीत तसं काही नव्हतं. इंग्रजीत ते नुसतं एक वाक्य होतं, चूक की बरोबर एवढंच बघायचं होतं. म्हणून धीर झाला. आधी आरशातल्या अक्षरांकडे बघत म्हटलं, आणि मग आरशातच तुझ्याकडे बघितलं.

तू पेन्सिलीला टोपण लावलंस. काढलंस. परत लावलंस. मग म्हणालीस, 'बरोबर आहे, ताई. चहा टाकू?'

मला वाटलं, हिला कळलं. अंगावर येऊन विचारत नाहीये, जपून घेतेय मला. आज ना उद्या विचारेल. त्या दिवशी मला किती हलकं वाटलं म्हणून सांगू! कोणाला तरी माहीत आहे, एवढ्याने माणसाला केवढी झोप लागते. मी वाट बघत राहिले. तू पुढच्या खेपेला आलीस, मग तुझं लग्न ठरलं, मग तुझं येणं कमी झालं. तू विचारलं नाहीस. मी म्हटलं, तिच्या आनंदाच्या दिवसांत आपलं रडगाणं कशाला.

ते टोपण आणि तो चहा तुझ्या व्हिडिओत नाही. मी आता तो कितीदा तरी बघितलाय. माझं वाक्य संपतं आणि लागलीच हशा येतो. मधलं तू कापलंस. आणि कापायचं म्हणजे आधी ऐकावं लागतं, हो ना? कानाला लावून, मागे-पुढे करून, इथून इथपर्यंत काढून टाकायचं असं ठरवावं लागतं. म्हणून एवढं तरी मला सांगू नकोस की तुला कळलं नव्हतं.

पलंगाला पावडर लावतात असं मला क्षणभरसुद्धा वाटलं नव्हतं. मला अर्थ पहिल्या फटक्यात कळला होता. तो वेडेपणा तू रचलास आणि माझ्या नावावर खपवलास. आणि वर खोटं वाक्य पुसून टाकणारी तूच!

त्या संध्याकाळी मी तुला 'तुझा तो भाग ऐकला' एवढंच लिहिलं, त्यावर आलेले तुझे खुलासे वाचले. 'नाव कुठे घेतलंय तुझं?' नाव नाही घेतलंस, आवाज घेतलास. 'लोकांना किती आवडतेस तू!' लोकांना ती अंबाड्यात ब्रश खोचलेली जाडी आवडते. ती मी नाही. 'मजेमजेत केलं गं.' कोणाच्या मजेत? 'त्या भागाने माझं चॅनल उभं राहिलं, ताई, तुझ्यामुळे.' माझ्या पाठीवर पाय देऊन चढलीस आणि वरून म्हणतेस, बघ ताई, इथून किती लांबचं दिसतं!

तू माझ्याकडे मागितलं असतंस तर मी दिलं असतं. भुवयांचं वाक्य दिलं असतं, नवरीचं दिलं असतं. अंबाड्यात दोन ब्रश खोचून तुझ्या कॅमेऱ्यासमोर येऊन उभी राहिले असते, तुझ्यासाठी नाचलेसुद्धा असते. हसं होण्याची मला लाज नाही, बायकांच्या तोंडाला चिखल फासून पोट भरते मी. पण ते एक वाक्य मी हसायला दिलं नव्हतं. ते मी तुला दिलं होतं. मला फार लागलंय, चिमे. कोणी परक्याने केलं असतं तर शिव्या घालून मोकळी झाले असते.

आता ते 'का गं'. तू विचारलं नाहीस तरी सांगते, कारण आता अर्ध्या गावाने ते ऐकून झालंय.

तुझ्या भावजींबद्दल वाईट लिहावं असं काही नाही. हात उचलला नाही, दारू नाही, दुसरी कोणी नाही. बोलणं आटत गेलं, एवढंच. आधी कामापुरतं उरलं, मग कामापुरतंही नाही. भाजी संपली तर रिकामी टोपली ओट्यावर काढून ठेवायची, की त्यांनी समजायचं. गेल्या वर्षी एका लग्नाचं काम आटोपून मला यायला उशीर झाला. आतून कडी होती. मी वाजवली. आत दिवा लागला, पावलं दारापर्यंत आली आणि परत गेली. दिवा बंद झाला. मी पार्लरला आले आणि फेशियलच्या पलंगावर चादर टाकून झोपले. दुसऱ्या दिवशी ते काही बोलले नाहीत, मीही नाही. त्या रात्री परत इथेच झोपले. मग रोजच. ते म्हणाले नाहीत की ये, मी म्हटलं नाही की येते. कपडे आणायला जाते तेव्हा दार उघडतात. 'बरी आहेस ना?' विचारतात, शेजाऱ्याला विचारावं तसं.

हे मी आईला कुठल्या तोंडाने सांगणार होते? तिला सांगायची, हो, जेवून झोपलेच होते, हे टीव्ही बघताहेत. तिला फोनमधून टीव्हीचा आवाज यावा म्हणून मी मोबाईलवर बातम्या लावून ठेवायची. बघ, मलाही रचता येतं.

तर आई कशी आली. तूच तुझ्या घरी बसून तो भाग परत लावून बघत होतीस. आई भाजी निवडत होती. तिला इंग्रजी येत नाही, पण मी नुसती खोकले तरी ती दुसऱ्या खोलीतून ओळखते. तिने तुला विचारलं, 'हा ताईचा आवाज ना? पलंगाचं काय म्हणाली ती?' आणि तू तिला अर्थ सांगितलास. अगदी बरोबर सांगितलास म्हणे. 'म्हणाली की रोज पार्लरमध्ये अंथरूण घालते.' आई म्हणाली, 'मग यात हसण्यासारखं काय आहे?' तू म्हणालीस, 'अगं, ती गंमत आहे,' आणि आंघोळीला निघून गेलीस.

तू बाहेर येईपर्यंत आईची पिशवी भरून झाली होती.

सकाळी शटर वाजलं. मला वाटलं दूधवाला. उघडलं तर आई, पिशवी छातीशी धरून. मागे पलंगावर माझी चादर तशीच, उशीवर डोक्याचा खळगा. तिने सगळं बघितलं. मला म्हणाली, 'आधी चूळ भर.' मग माझी चादर घडी केली, उशी हातात घेऊन दाबून बघितली आणि म्हणाली, 'किती पातळ उशी गं ही.' बस. त्यानंतर मात्र तिने मला जवळ ओढलं आणि मी या वयात तिच्या पदरात तोंड खुपसून हंबरडा फोडला. बाहेर पहिलं गिऱ्हाईक ताटकळत उभं होतं. राहू दे म्हटलं.

आता पलंगावर ती झोपते, मी खाली. आम्ही खोली बघतोय, भाड्याची, दोघींपुरती. तुझ्या लग्नानंतर ती इथेच राहील, ते तिने ठरवलंय. तुला लग्नाआधी काही कळू द्यायचं नाही, असंही तिने ठरवलं होतं. ते मी मोडलं. आत्ताच तिला सांगितलं. म्हणाली, 'बरं केलंस.'

हो, तुझ्या व्हिडिओमुळे आईला कळलं. तो नसता तर मी अजूनही बातम्या लावून बसले असते. तुला हे कधीतरी सुचेलच, म्हणून मीच लिहिते. पण त्याचं श्रेय घेऊ नकोस, चिमे. तू ते आईला कळावं म्हणून केलं नव्हतंस. तिने विचारलं तेव्हाही तू आंघोळीलाच गेलीस.

हॉटेलात मी गेले नाही. मुलाखतीचं बोलावणं आलं होतं. तोंड उघडलं आणि समोरची म्हणाली, 'अय्या, तुमचा आवाज कुठेतरी ऐकलाय,' तर? त्या भीतीनेच पाय उचलेना. तो भाग काढून टाक, एवढं मागते. काढलास तर काढलास, नाही तर मी काही कोर्टात जाणार नाहीये.

आता रविवार.

मी येत नाही. माझ्याकडेच शिकलेली एक पोरगी आहे, आता तिचं स्वतःचं पार्लर आहे. तिच्याशी बोललेय, ती सकाळी सातला तुझ्याकडे पोचेल. चांगला हात आहे तिचा. तिला सगळं सांगितलंय, तूही ऐकून ठेव. तुझे गाल कोरडे आहेत आणि नाकाच्या बाजू तेलकट, तेव्हा एकाच स्पंजने सगळीकडे फिरवू द्यायचं नाही. डाव्या भुवईत झोपाळ्यावरून पडलेली खूण आहे, ती भरायला ती पोरगी जाईल, भरू देऊ नकोस. ती भरली की तू तुझ्यासारखी दिसत नाहीस. तुझ्या उजव्या डोळ्यातून आधी पाणी येतं, तिथे काजळ शेवटी लावायचं. रडू आलंच तर टिपायचं, पुसायचं नाही. आणि ओठांना गडद रंग नको, कोणी कितीही आग्रह केला तरी नको, तुझं हसू मोठं आहे, त्याला रंगाची गरज नाही.

आई येईल. तिला मी नीट तयार करून पाठवीन.

रागाने येत नाही असं समजू नकोस. रागाने आले असते तर बरंच झालं असतं. तुला पांढरीफटक करून सोडली असती, आयुष्यभर अल्बम उघडायची सोय राहिली नसती. खरं कारण निराळं आहे. चेहरा करताना हनुवटी दोन बोटांत धरावी लागते. मी तुझी हनुवटी धरीन आणि तू डोळे मिटून तोंड वर करशील, लहानपणी मी घास भरवताना करायचीस तसं. आणि मी सगळं माफ करून टाकीन. मी मला ओळखते. तुझे ओठ होईपर्यंतसुद्धा माझा राग टिकायचा नाही. मग आपण दोघी हसायला लागू, फोटो काढू, तू गळ्यात पडशील, सगळे म्हणतील बघा बहिणी. आणि मी त्या दिवशी तुला काय सांगितलं होतं, ते याही वेळी कोणी विचारणार नाही.

तेवढं मला आता नको आहे.

सुखाने संसार कर. नवऱ्याशी बोलत राहा, काहीही बोल, पण बोल. आणि कधीतरी तुला मनापासून वाटलं की ताईला विचारावं, 'ताई, तू पार्लरमध्ये का झोपत होतीस गं?' एवढं एकच वाक्य, उत्तर आधीच ठाऊक असलं तरीही, तर तेव्हा ये.

तुझी वाट बघणारी,
ताई